अँटिग्वा बेटावरील मायलेकी

आमच्या घरीं दिवेलागणीनंतर कोणी तरी कांहीं तरी मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं हातांतलें काम न सोडतां तें ऐकावें, असा परिपाठ फार दिवसांपासून चालत आला आहे. गेल्या महिन्यांत एके संध्याकाळीं वाचनाची पाळी आमच्या पुतणीची होती. ती महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकते. तिच्या पाठ्यपुस्तकांत 'मुलगी' अशा अर्थाच्या नांवाची एक गोष्ट आहे. ती तिनें मराठींत उलगडून सांगत सांगत वाचून दाखविली. गोष्ट म्हणावी तर तींत कथानक नाहीं, पात्रांस नांवें नाहींत, आरंभ नाहीं कीं शेवट नाहीं. दोनअडीच पानें भरतील एवढें तें एकच लांबलचक वाक्य असून त्यांत एक आई आपल्या मुलीस सांगत सुटली आहे : पांढरे कपडे कोणत्या वारीं धुवावे आणि रंगीत कोणत्या, बापाच्या सदऱ्याला इस्तरी कशी करावी, भेंडी घरापासून दूर कां लावावी, कोणत्या पाहुण्यासाठीं टेबल कसें मांडावें, जो माणूस मुळींच आवडत नाहीं त्याच्याकडे पाहून किती हंसावें. मुलगी मध्यें दोनदांच बोलते, आणि तेंहि चाचरत. या उपदेशांत मधून मधून एक शब्द येत होता, आणि पुतणी तेवढा शब्द गिळून टाकीत होती. मागाहून आम्हीं तो विचारून घेतला. मुलगी कुलटा व्हावयास निघाली आहे, असें ती आई तिला पुनः पुनः ऐकविते. रस्त्यानें चालावें कसें हें सांगतांना ऐकविते आणि झग्याची दुमड शिवावी कशी हें सांगतांनाहि ऐकविते.

आमच्या आत्याबाईंनीं ऐंशी केव्हांच ओलांडली आहे. त्या वाती वळीत बसल्या होत्या. वाचन संपल्यावर क्षणभर थांबून त्या पुतणीस म्हणाल्या, "शिकवते तें वावगें नाहीं गं. पण ही बाई एवढी भ्यालेली कशाला आहे?"

पुतणीस उत्तर देतां आलें नाहीं. आम्हांसहि आलें नाहीं. त्यानंतरचे तीन आठवडे या एका प्रश्नापायीं आम्ही पुस्तकें चाळीत होतों. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

गोष्ट लिहिणाऱ्या बाईंचें नांव जमैका किंकेड. नांवावरून त्या जमैका बेटावरच्या असाव्यात असें वाटेल, पण तसें नाहीं. त्या अँटिग्वा या दुसऱ्याच एका लहान बेटावर, सेंट जॉन्स गांवीं, १९४९ मध्यें जन्मल्या, आणि तेव्हां त्यांचें नांव एलेन पॉटर रिचर्डसन असें होतें. घरच्या माणसांच्या नजरेआड राहून लिहितां यावें म्हणून त्यांनीं १९७३ मध्यें हें नवें नांव धारण केलें. ही गोष्ट १९७८ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकांत प्रथम छापली गेली. त्या वेळीं अँटिग्वा इंग्रजांच्या छत्राखालून पुरतें सुटलें नव्हतें. पूर्ण स्वातंत्र्य मिळालें तें १ नोव्हेंबर १९८१ रोजीं.

बेट जेमतेम २८० चौरस किलोमीटरांचें. बारमाही नदी नाहीं, पाऊस लहरी, अवर्षण नेहमींचें. १६३२ मध्यें इंग्रजांनीं तेथें वसाहत केली, पुढें ऊंस लावला, आणि उंसासाठीं आफ्रिकेंतून माणसें विकत आणलीं. गुलामगिरीच्या क्रौर्याविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. त्यांतील एकाच नियमाकडे आम्ही लक्ष वेधतों, कारण आत्याबाईंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्यांत आहे. पोटीं येणारें मूल आईच्या अवस्थेस जातें, बापाच्या नव्हे, असा तो नियम. बाप स्वतः गोरा मळेवाला असला तरी गुलाम स्त्रीची मुलगी जन्मतःच मालकाची मिळकत होई. म्हणजे जी गोष्ट आई मुलीस हटकून देऊं शके, ती गुलामगिरी. मुलगी वयांत आली कीं तिच्यावर कोणाची नजर पडेल हें आईस ठाऊक असे, आणि ती नजर अडविण्याचा कसलाहि अधिकार तिच्यापाशीं नसे. हा प्रकार एकदोन वर्षें चालला नाहीं; पिढ्यानपिढ्या चालला.

१ ऑगस्ट १८३४ रोजीं अँटिग्वांतील गुलाम मुक्त झाले. बहुतेक इतर बेटांवर 'उमेदवारी' या गोंडस नांवाखालीं त्यांस आणखी चार वर्षें अडकवून ठेवण्यांत आलें. अँटिग्वाच्या मळेवाल्यांनीं मात्र ती पद्धत नको म्हटलें. यांत औदार्य फारसें नव्हतें. बेटावरील जवळजवळ सगळी जमीन मळ्यांचीच, तेव्हां मुक्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशीं कामास येणार तो त्याच मळ्यावर! विलायत सरकारनें सर्व वसाहती मिळून दोन कोट पौंड नुकसानभरपाई दिली, आणि ती दिली मालकांस. ज्यांची आयुष्यें गेलीं त्यांस एक छदामहि मिळाला नाहीं.

तेव्हां जमीन नाहीं, पैसा नाहीं, कुळाचा इतिहास नाहीं, अशा स्त्रीनें आपल्या मुलीस द्यावयाचें तरी काय? स्वच्छ कपडे देतां येत होते. गुलामगिरींत वर्षाकांठीं जाड्याभरड्या कापडाचा तुकडा वांट्यास येई. म्हणून रविवारीं देवळांत जातांना पांढराशुभ्र, खळ देऊन इस्तरी केलेला झगा अंगावर असणें ही त्या लोकांच्या दृष्टीनें केवळ टापटीप नव्हती. ज्या बेटावर पाणी मोजून वापरावें लागतें, तेथें हा शुभ्रपणा किती कष्टाचा असेल याचा अंदाज आपल्या दुष्काळी मुलखांतील भगिनींस सहज येईल. परसांत दगडांचा एक ढीग रचलेला असे. साबण लावलेले पांढरे कपडे त्या ढिगावर पसरून ठेवावयाचे, म्हणजे ऊन त्यांवरील डाग खाऊन टाकतें. किंकेडबाईंच्या आईच्या परसांतहि असा ढीग होता. तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याच्याकडे पुन्हां यावें लागणार आहे.

कपड्यांइतकीच हातीं असलेली दुसरी वस्तु म्हणजे नांवलौकिक. येथें मात्र घोटाळा सुरू होतो. कारण नांवलौकिकाचें माप त्या लोकांनीं स्वतः तयार केलेलें नव्हतें. तें इंग्रजांच्या घरांतून, शाळेंतून आणि मिशनच्या देवळांतून आलें होतें. मोरेव्हियन पंथाचे मिशनरी १७५६ पासून अँटिग्वांत होते. त्यांनीं अक्षरओळख दिली हें खरें, पण आफ्रिकेहून आलेलें जें जें होतें तें तें रानटी, असाहि शिक्का त्याबरोबर दिला. 'बेना' नांवाचीं गाणीं अँटिग्वांत असत. गांवांतील भानगडी त्यांतून चव्हाट्यावर येत आणि लोक तीं आवडीनें म्हणत. गोष्टींतील आई दरडावते ती या बेनावरूनच : रविवारच्या धर्मशाळेंत तूं तीं म्हणतेस काय? मुलगी पहिल्यानें तोंड उघडते ती येथेंच, आपण म्हणत नाहीं एवढें सांगण्यापुरती. स्वतःच्या लोकांचें गाणें गुणगुणणें आणि चवचालपणा, हीं दोन्हीं त्या आईच्या मनांत शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत.

राज्यकर्त्यांचें हें माप किती आंधळें होतें याचा एक दाखला जमैकांत सांपडतो. इंग्रजांच्या अमलाखालील या बेटांत जमैका सर्वांत मोठें, त्यामुळें तेथील कुटुंबांविषयीं पुष्कळ लिहिलेंहि गेलें आहे. मजुरांचे दंगे झाल्यावर विलायत सरकारनें १९३८ मध्यें लॉर्ड मॉइन यांचें कमिशन नेमलें. त्याचा अहवाल इतका झोंबणारा होता कीं युद्ध संपेपर्यंत तो संपूर्ण छापण्यांत आला नाहीं. १९४५ मध्यें छापला. अपुरी मजुरी, कोंदट घरें, रोगराई हें सर्व त्यांत आहेच, पण लग्नावांचून होणाऱ्या मुलांविषयीं नैतिक चिंताहि पुष्कळ आहे. त्याच सुमारास जमैकाच्या गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी हगिन्स यांच्या पुढाकारानें सामुदायिक विवाहांची चळवळ निघाली आणि वर्षानुवर्षें एकत्र नांदणाऱ्या जोडप्यांचीं लग्नें लावण्याचा सपाटा सुरू झाला. लग्नांचा आंकडा थोडा वाढला, आणि कांहीं वर्षांत पूर्ववत् झाला. असें कां झालें, हें जमैकाच्याच एडिथ क्लार्क यांनीं १९५७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत दाखविलें आहे. बापाची जागाहि जिनें भरून काढली ती माझी आई, अशा अर्थाचें त्या पुस्तकाचें नांव. तें बार्बेडोसचे कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग यांच्या लिखाणांतून घेतलेलें आहे. बाईंनीं तीन निरनिराळ्या ठिकाणचीं कुटुंबें पाहिलीं. लोकांस लग्नाची किंमत नाहीं, हा साहेबांचा समज चूक होता. किंमत फार होती, म्हणूनच लग्न लांबणीवर पडत होतें. स्वतःचें घर हवें, चारचौघांत शोभेल असा समारंभ हवा, आणि लग्नाच्या बायकोस बाहेर मजुरीला जावें लागतां कामा नये, एवढी ऐपत येईपर्यंत पुरुषाचे केंस पांढरे होत. मधल्या काळांत मुलें होत, आणि तीं आईच्या किंवा आजीच्या पदरीं वाढत.

आतां त्या आईच्या भीतीस आकार येऊं लागतो. आपली कालवड तुम्ही बांधून ठेवा, आमचा बैल मोकळाच फिरणार, अशा अर्थाची एक म्हण जमैकाच्या बोलींत आहे. मुलाच्या आईनें मुलीच्या आईस ऐकवावयाची ही म्हण; तिच्यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाहीं. शाळकरी मुलीस दिवस गेले म्हणजे तिची शाळा संपे. ज्याच्यामुळें गेले त्याची संपत नसे. अशा मुलींचें शिक्षण चालू राहावें म्हणून किंग्स्टन शहरांत एक महिला केंद्र निघालें तें १९७८ मध्यें, म्हणजे ही गोष्ट छापली गेली त्याच वर्षीं. किंकेडबाईंच्या घरांत तर ही भीति ऐकीव नव्हती. त्यांची आई डॉमिनिका बेटावरून तरुणपणीं अँटिग्वांत आलेली. मुलीच्या जन्मनोंदींत बापाच्या नांवाच्या जागीं नुसती रेघ ओढलेली. या रेघेवरच बाईंनीं २००२ मध्यें 'मिस्टर पॉटर' नांवाची कादंबरी लिहिली आहे. ज्या आईनें ती रेघ पाहिली होती, ती मुलीच्या झग्याची दुमड पाहून कां दचकत असेल, हें आत्याबाईंस आम्हीं सांगितलें, तेव्हां त्यांनीं नुसती मान हलविली.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. नाहीं तर 'आमच्याकडेहि असेंच' म्हणून वाचक पान उलटतील. आपल्या घरांत मुलीस जें वळण लावतात त्यांत दुसऱ्याच्या घरचा धाक असतो. सासरीं नांवें ठेवतील, हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? अँटिग्वांतील त्या आईच्या तोंडीं सासर नाहीं. सासू नाहीं, जाऊ नाहीं, मुलगी ज्या घरीं द्यावयाची तें घरच नाहीं. तिचा सर्व रोख रस्त्यावर आहे : रस्त्यानें चालणाऱ्या मुलीकडे कोण पाहील, धक्क्यावरचीं टगीं पोरें काय म्हणतील, पाववाला मुलीस पावाला हात लावूं देईल कीं नाहीं. आपली मुलगी चुकली तर निस्तरावयास, किंवा झांकावयास, चार माणसें तरी असतात. तेथें आई एकटी. (त्रिनिदाद आणि गियाना येथें १९१७ पर्यंत मजुरीच्या करारावर गेलेल्या हिंदी लोकांच्या घरांत सासर-माहेर सर्व कांहीं आहे, पण तो विषय स्वतंत्र आहे.)

असें असूनहि ती आई केवळ साहेबाची पोपटपंची करते असें म्हणणें तिच्यावर अन्याय होईल. टेबल मांडण्याच्या सूचनांच्या मध्यें ती रताळ्यांचा एक गोड पदार्थ करावयास सांगते, अळू लावावयास सांगते, काढे सांगते. यांतलें कांहीं साहेबाच्या घरचें नाहीं. भेंडी तर त्या बेटांवर गुलामांबरोबर आफ्रिकेंतून आली, आणि मक्याच्या पिठांत ती घालून केलेली उकड अँटिग्वांत अजून रोजच्या जेवणांत असते. आपल्या कोंकणांत ज्यास नीरफणस म्हणतात त्याचें झाड मात्र इंग्रजांनीं मुद्दाम १७९३ मध्यें पॅसिफिकांतून आणून सेंट व्हिन्सेंट व जमैका येथें लावलें. हेतु एवढाच, कीं गुलामांचें पोट स्वस्तांत भरावें. आज तें फळ तेथील बायकांनीं पूर्णपणें आपलें केलें आहे.

आणि काढ्यांविषयीं एक गोष्ट संकोच सोडून लिहितों. ज्या मुलीस कुलटा म्हणून हिणविलें, तिलाच ती आई नको असलेला गर्भ राहूं न देण्याच्या औषधाची माहिती देते, तीहि सर्दीच्या औषधाच्या जोडीला. पुतणी येथें अडखळली, आणि घरांत थोडी चुळबुळ झाली. पण गुलामगिरीच्या काळीं हें ज्ञान बायकांत गुप्तपणें चालत आलें होतें. आमची मिळकत वाढूं देत नाहींत म्हणून मळेवाले त्याबद्दल कुरकुर करीत. तेव्हां आईस पापाची भीति नाहीं. पापाची असती तर औषध सांगितलें नसतें. तिला भीति आहे ती परिणामांची. म्हणून अब्रू वांचविण्याचे इंग्रजी उपाय ती आधीं सांगते, आणि ते फसलेच तर काय करावें हें आपल्या आजीकडून आलेलें. आमच्या मतें सगळी अडचण या एकाच गांठोड्यांत आहे. दोन्हीं वारसे तिनें एकत्र बांधले आणि एकाच आवाजांत मुलीच्या स्वाधीन केले. कोणता मालकाच्या घरचा व कोणता आपल्या माणसांचा, हें निवडण्याची उसंत तिला स्वतःलाच कधीं मिळाली नव्हती.

याचा परिणाम मुलीवर काय झाला, हें गोष्टींत नाहीं. तें किंकेडबाईंच्या आयुष्यांत पाहावें लागतें. साडेतीन वर्षांच्या मुलीस या आईनें स्वतः वाचावयास शिकविलें. शाळेंत पांचव्या वर्षापूर्वीं घेत नसत, म्हणून कोणी विचारलें तर आपण पांच वर्षांच्या आहोंत असें सांग, असें पढवून तिला शाळेंत धाडलें. मुलगी हुशार निघाली. इंग्रज कवीच्या ज्या फुलांवरील कविता तिनें घोकल्या तीं फुलें त्या बेटावर उगवत नव्हतीं, पण पाठ मात्र चोख होता. ती नऊ वर्षांची झाल्यावर एकामागून एक तीन भाऊ झाले. सावत्र वडील सुतारकाम करीत, ते आजारी पडले. आणि घराचा भार उचलावयास हातांची गरज पडली तेव्हां शाळा सुटली ती मुलीची. एके दिवशीं सर्वांत धाकट्या भावास तिच्यावर सोंपवून आई बाहेर गेली. मुलगी पुस्तक वाचीत बसली. दोन वर्षांचें मूल तसेंच घाणींत राहिलें. आईनें परत येऊन हें पाहिलें, घरांतील मुलीचीं होतीं नव्हतीं तेवढीं सर्व पुस्तकें गोळा केलीं, परसांतल्या त्या दगडांच्या ढिगावर, जेथें ती पांढऱ्या कपड्यांवरचे डाग घालवीत असे तेथेंच तीं रचलीं, रॉकेल ओतलें आणि पेटवून दिलीं. 'माझा भाऊ' अशा अर्थाच्या १९९७ सालच्या पुस्तकांत बाईंनीं हें लिहिलें आहे.

या प्रसंगीं आईचा पक्ष घेणें आम्हांस जमत नाहीं. तिच्या कष्टांची जाणीव ठेवूनहि जमत नाहीं. जी बाई मुलीचें वय खोटें सांगून तिला शाळेंत घालते, तिनेंच मुलगे झाल्यावर तो हिशेब बदलावा, यांत दारिद्र्य जितकें आहे तितकीच मुलीची गृहीत धरलेली किंमतहि आहे, आणि ती किंमत ठरवावयास कोणी इंग्रज परसांत आला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, मुलीस न्यूयॉर्कजवळील एका श्रीमंत घरीं मुलें सांभाळण्याच्या नोकरीवर पाठविण्यांत आलें. हें एकट्या तिच्याच नशिबीं आलें असें नव्हे. कॅनडा सरकारनें १९५५ मध्यें घरकामासाठीं बेटांवरून बायका नेण्याची योजना काढली. पहिल्या वर्षीं जमैका आणि बार्बेडोस येथील शंभर जणी नेल्या. अट अशी, कीं वय अठरा ते पस्तीस, लग्न नको, मूल नको, आणि आठव्या इयत्तेपर्यंत तरी शिक्षण हवें. म्हणजे आयांनीं शिकविलेली इस्तरी, टेबल मांडण्याची रीत, वरवरचें हंसणें, या सर्वांस अखेर गिऱ्हाईक मिळालें तें परक्याच्या घरीं. किंकेडबाईंनीं घरीं पैसे पाठविणें लवकरच थांबविलें, आईचीं पत्रें उघडणें सोडलें, आणि जवळजवळ वीस वर्षें त्या बेटावर परतल्या नाहींत. मात्र आईनें सांगितलेलें त्या विसरल्या नाहींत. कोणता वार, कोणतें कापड, भेंडीजवळ तांबड्या मुंग्या होतात हें, सगळें जसेंच्या तसें आठवीत त्यांनीं ती गोष्ट लिहिली. आणि आईचें बोलणें एवढ्या कान देऊन ऐकणारी मुलगी आम्हीं तरी दुसरी पाहिलेली नाहीं.

पुस्तकें जाळल्याचा मजकूर आम्हीं घरीं वाचून दाखविला, त्या संध्याकाळीं आत्याबाईंचे हात थांबले. "वाचायला हिनेंच शिकवलें होतें ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि पुतणीनें होय म्हटल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग वातींचा डबा बंद करतां करतां त्या पुतणीला म्हणाल्या, "तो रताळ्यांचा पदार्थ कसा करतात तें लिहिलंय का गं कुठें?"

तो गोष्टींत लिहिलेला नाहीं, पण पुतणीनें शोधून काढला. त्यास तिकडे 'डुकाना' म्हणतात. रताळीं आणि ओला नारळ किसावयाचा, त्यांत साखर, कणीक आणि थोडें जायफळ घालावयाचें, केळीच्या पानांत लहान लहान पुड्या बांधून त्या उकळत्या पाण्यांत सोडावयाच्या. आत्याबाईंचें म्हणणें असें पडलें, कीं कणीक नसती तर एकादशीला चालल्या असत्या. मंगळवारीं केल्या होत्या. नारळ जरा कमी पडला.